तांबडीची ऊब

मार्च महिन्यात ब्रेक्के मंडळींच्या घरात कुणी धड झोपत नाही, कुणी धड जेवत नाही, पण हसतात मात्र सगळे पोटभर. गाई व्यायचे दिवस ते. अमेरिकेतल्या नेब्रास्काच्या त्या वाळूच्या टेकड्यांवर शेजारचं घर गाठायचं तर गाडीनेसुद्धा बराच वेळ जातो, म्हणून सुईण, डॉक्टर, गुराखी सगळं घरातलंच. त्या वर्षी वासरं धडाधड येत होती. गारठलेली दोन तर स्वयंपाकघरात शेगडीजवळच मुक्कामाला होती, आणि त्यातल्या एकाने मार्लिसच्या सासूबाईंचा, आर्लीनबाईंचा, लोकरी मोजा चघळून संपवला होता.

त्या दुपारी मार्लिस निघाली ती फक्त कालवडींना गवत टाकायला. नवरा वेंडेल आदल्या दिवशी एका गाईची लाथ खाऊन, हात गळ्यात अडकवून बसला होता.

"ती पांढऱ्या कपाळाची दिसली नाही तर ओढ्याकडे बघ," तो म्हणाला. "सकाळपासून शेपूट उचलून फिरतेय. पहिलारू आहे, त्यात बावळट."

"तुझ्याच वळणावर गेलीय," मार्लिस बूट चढवत म्हणाली. "लाथ कुठून येते ते तुला तरी कुठे कळतं?"

आर्लीनबाई खदखदून हसल्या. मग खिडकीतून बाहेर बघत म्हणाल्या, "वासरू ओढायची साखळी घेऊन जा गं. आभाळ मला बरं दिसत नाही."

पांढऱ्या कपाळाची खरंच कुंपणात नव्हती. मार्लिस ओढ्याकडे उतरली आणि अर्ध्या वाटेत वादळाने तिला गाठलं. आधी वारा आला, मग बर्फ, आणि मग काहीच दिसेना. ऐन दुपार, पण स्वतःचा हात डोळ्यांपुढे धरला तरी दिसू नये असा तो पांढरा अंधार. कुंपण कुठे, घर कुठे, काही कळेना. कानात वारा नुसता घोंगावत होता.

आणि त्या घोंगावण्याच्या खालून तिला एक आवाज ऐकू आला. गाय व्याल्यावर वासराशी घशातल्या घशात बोलते ना, तसा. हुं... हुं... हुं...

मार्लिस त्या आवाजामागे गेली. ओढ्याकाठच्या झुडपांत कालवड आडवी पडली होती. पण तो हुंकार तिचा नव्हता. तिच्यात कण्हायचंही त्राण उरलं नव्हतं. मागून वासराचे दोन खूर बाहेर आले होते, तळवे आभाळाकडे. पायाळू! एकदा नाळ आवळली की झटकन ओढून काढायचं, नाहीतर वासरू आतच गुदमरायचं.

तिने साखळी अडकवली, टाचा रोवल्या आणि ओढायला लागली. बोटं बधिर झाली. पाठीवर वारा सुऱ्यांसारखा लागत होता.

मग पाठीवरचा वारा थांबला.

समोर बर्फ तसाच उडत होता, पाठीला मात्र ऊब लागली. रुंद, केसाळ, हलती ऊब. दुधाचा आणि उन्हात वाळलेल्या गवताचा वास आला. वेंडेल घोडा घेऊन आला असणार!

"आलास का रे? ओढ की मग! एका हाताने तरी..."

तिच्या मानेवर एक सावकाश, लांब श्वास पडला.

मार्लिसने खाली पाहिलं. बाहीला केस चिकटले होते. तांबडे. ब्रेक्केंची सगळी गुरं अंगाने काळी, कोळशासारखी.

मागे बघायचं नाही, तिने ठरवलं. आधी वासरू. तिने त्या उबेला पाठ टेकली आणि सगळा जीव लावून ओढलं. वासरू सळकन बाहेर आलं... लुळं. तिने त्याचं नाक पुसलं, नाकात काडी घातली, बरगड्या चोळल्या. काही नाही.

तेवढ्यात एक खरखरीत, भलीमोठी जीभ तिच्याच पाठीवरून कमरेपासून टोपीपर्यंत फिरली. मग पुन्हा एकदा, इतक्या जोरात की मार्लिस वासरावर पालथी पडली. त्या दणक्यासरशी वासरू शिंकलं! फूत्कारलं, डोकं झटकलं आणि तिच्या तोंडावर चिकट लाळ उडवली.

भीती कुठल्या कुठे गेली. मार्लिस रडत होती आणि हसतही होती. तिने वासरू खांद्यावर टाकलं. कालवड धडपडत उठली. पुढे, पांढऱ्यात, एक तांबडी पाठ हलताना दिसली, आणि तिच्यापुढे एकच शिंग. त्या पाठीमागे ती चालत राहिली. गोठ्याचं दार हाताला लागलं तेव्हा पुढे कुणी नव्हतं.

आत वेंडेल एका हाताने तिला आणि वासराला, दोघांनाही मिठी मारू बघत होता. "बाई, मला वाटलं तुला आता बर्फ वितळल्यावरच शोधायचं!"

"आणि गवत कोण टाकणार होतं, तू?"

कालवड वासराला चाटू लागली, वासरू चीक ओढू लागलं. रात्री धिरड्यांवर धिरडी उठली, पाकाची बरणी रिकामी झाली. मार्लिसने सगळी हकिगत सांगितली तेव्हा वेंडेल पोट धरून हसला. आर्लीनबाई मात्र उलथनं हातात धरून तशाच उभ्या राहिल्या.

"तांबडी गुरं आपल्याकडे याच्या पणजोबांच्या वेळी होती," त्या हळू म्हणाल्या. "एका वादळात सगळी गेली. एक गाय तेवढी मेल्यावरही वासराला शोधत हिंडायची, म्हणतात... तिने तुला चाटलं का गं?"

"दोनदा."

"चांगलं झालं. जीव वाचवला तुझा." त्यांनी धिरडं उलटलं. "पण गाय ज्याला चाटते ना, ते तिचं होतं. मग ती ते सोडत नाही."

सकाळी वादळ निवळलं. लख्ख ऊन पडलं होतं, गोठ्यातून वासरांचा गलका येत होता. मार्लिस हसतच जागी झाली आणि तिने कूस बदलली. माडीवरच्या त्या खोलीच्या खिडक्यांवर बर्फाची जाड साय धरली होती. फक्त तिच्या उशाजवळची काच स्वच्छ होती. बाहेरून कुणीतरी रुंद, लांब फटकाऱ्यांनी, खालून वर पुसून काढल्यासारखी.

ती उठून खाली वाकून बघू लागली. अंगणात बर्फ कोरा होता, एकही खूर उमटलेला नव्हता.

काच अजून ओली होती. आणि ती बघत असतानाच, बाहेरून, त्या ओल्या काचेवर कुणाच्या तरी श्वासाची वाफ धरली.