सहाव्या पट्टीवरचं वजन

हसायचं असेल तर खुशाल हसा. पण त्या दुपारी पडद्यावर जे उमटलं, ते मी आणि माझा सहकारी रघुवीर, दोघांनीही पाहिलंय.

जानेवारी २०२४. चंदीगड. दुपारचा एक वाजत आलेला आणि धुकं इतकं, की खिडकीबाहेरचं झाडसुद्धा दिसत नव्हतं.

मी तेव्हा एका संशोधन संस्थेत होते. गाड्यांच्या वजनाने रस्त्यातून वीज बनवायची, असा आमचा प्रयोग. गेटपासून माझ्या केबिनच्या दारापर्यंत रस्त्यात सहा पट्ट्या पुरल्या होत्या. पट्टी दाबली गेली की पडद्यावर रेघ वर उसळायची. वजन उचललं की तितकीच खाली.

नुसतं उभं राहिलं तर... काहीच नाही.

माझी सात वर्षांची कश्मिरा शाळेच्या बसमधून गेटवर उतरायची आणि प्रत्येक पट्टीवर उडी मारत यायची. ती उडी मला पडद्यावर दिसायची. म्हणून मी तिला घ्यायला कधी जायचेच नाही. अतिशहाणपणा, दुसरं काय.

त्या दिवशी पुढे खोदकाम होतं. रस्ता गाड्यांना बंद होता.

बारा पन्नास. पहिल्या पट्टीची रेघ वर उसळली.

वजन उचलल्याची खालची रेघ आलीच नाही...

वायर सुटली असेल, मी म्हटलं. रघुवीर म्हणाला, सकाळीच तपासल्यात. गेटवर फोन केला. चौकीदार म्हणाला, कोणीही आत आलेलं नाही.

एक दहा. कश्मिराची उडी उमटली.

आणि त्याच क्षणी... वीस मिनिटं अडलेली ती खालची रेघ आली.

म्हणजे इतका वेळ तिथे कोणीतरी उभं होतं. तिची वाट बघत.

दुसरी पट्टी. उडी नाही. हलकी पावलं. शेजारी एक जड पाऊल.

तिसरी. तसंच.

शाल न घेताच मी बाहेर धावले. हाका मारल्या. बुटांचा आवाज येत होता.

एकाच जोडीचा.

चौथ्या पट्टीपाशी कश्मिरा धुक्यातून बाहेर आली. एकटी. डावा हात वर उचललेला, कोणी धरल्यासारखा.

मी तिला कवटाळलं. उड्या का नाही मारल्यास, विचारलं.

"मम्मा, उनको कूदना अच्छा नहीं लगता."

"कुणाला गं?"

तिने डावीकडे, वर पाहिलं. तिथे नुसतं धुकं होतं.

तिचा हात धरून मी तिला जवळजवळ ओढतच केबिनमध्ये आणलं आणि दार लावलं. रघुवीरने पडद्याकडे बोट केलं.

दाराबाहेरच्या सहाव्या पट्टीवर तीन वजनं आली होती.

उचलली गेली... दोनच.

आम्ही तिघं मागच्या दाराने निघालो. मार्चमध्ये नवऱ्याची बदली झाली आणि आम्ही नाशिकला आलो. मला वाटलं, सुटलो.

परवा बाजारातून येताना मी भराभर चालत होते. कश्मिराने माझा पदर ओढला.

"मम्मा, धीरे चलो ना. वो पीछे रह गए."

मी मागे वळून पाहिलं नाही. अजून धीर होत नाही.