घरघटाचं विरजण

वाघजाई पठारावरच्या प्रयोगशाळेत शिरताना आता लोक नाकाला रुमाल लावत, आणि डॉ. हेमांगी तोरस्कर हिला त्याचा भयंकर राग येई. सांडपाण्याच्या अभ्यासात उभा जन्म घालवलेल्या बाईला वासाची लाज वाटत नाही. पण हा वास कुठून आला हे सांगता येत नाही, याची वाटते. टेबलावर वसाहतीतल्या घराघरांतून आणलेल्या बरण्या मांडल्या होत्या. त्यातले पाणी काळपट होते, वर साय धरली होती, आणि पाणी मंडळाचे केणी साहेब संध्याकाळी निर्णय कळवणार होते.

निर्णय काय असेल हे सगळ्यांना ठाऊक होते. पठारावर नदी नाही, विहिरी कोरड्या. टँकरने येते ते फक्त पिण्याचे पाणी. बाकी प्रत्येक घर आपलेच पाणी पुन्हा पुन्हा वापरते. मोरी, संडास, स्वयंपाकघर, सगळ्यांचे सांडपाणी परसातल्या घरघट नावाच्या टाकीत उतरते, घटातले जिवाणू घाण खातात, आणि निवळलेले पाणी धुण्याभांड्यांना नि झाडांना परत येते. मोठी गटारे नाहीत, मोठा कारखाना नाही. ही हेमांगीची कल्पना, आणि ती चांगली चार वर्षे चालली. आता घट नासले होते; मंडळ त्यांना सील ठोकणार, आणि वसाहत रिकामी होणार.

"इरफान, चूक घटात नाही," ती म्हणाली. हे ती सकाळपासून कितव्यांदा तरी म्हणत होती.

डॉ. इरफान मुजावर हा तिचा सूक्ष्मजीवतज्ज्ञ. तो शांत माणूस होता, आणि त्याचाही तिला आज राग येत होता.

"घट ठीक आहे, ताई. आतलं जिवाणूंचं कुळ बदललंय," तो म्हणाला. "प्रत्येक घटात आपण त्या घराचं कुळ वाढवलं होतं. घर जे खातं, ज्या साबणाने धुतं, जी औषधं घेतं, ते सगळं शेवटी घटात येतं. जिवाणू त्याला सरावतात. म्हणून एका घराचं कुळ दुसऱ्या घरात टिकत नाही. बरोबर?"

"हे मला शिकवू नकोस. मीच लिहिलंय ते."

"मग हे बघा." त्याने पडद्यावर जनुकछाप आणली. "या सगळ्या बरण्यांत एकच कुळ आहे. घट नासलेल्या सगळ्या घरांत. निमकरांचं."

हेमांगीने पडद्याकडे पाहिले, मग इरफानकडे. मग चपला घालून ती तडक निमकरांकडे गेली.

सिंधूकाकू निमकर परसात कुंड्यांना पाणी घालत होत्या. त्यांच्या घटातले पाणी इतके नितळ होते की तळाची खडी दिसत होती. काका ओट्यावर खुर्चीत बसले होते. त्यांना कंपवात आहे हे साऱ्या वसाहतीला ठाऊक होते. हात थरथरून सांडू नये म्हणून चहा नेहमी अर्धा कप.

"काकू, तुमच्या घटातलं कोणी काही नेलं का?"

"नेलं का म्हणजे? सगळ्यांनीच नेलं की!" काकूंचा चेहरा फुलला. "आधी ती कोपऱ्यावरची मुक्ता आली. म्हणाली, काकू, तुमचा घट बघा कसा लागलाय, आमचा मेला आंबतो. म्हटलं, अगं, विरजण ने. डबाभर गाळ दिला. आठ दिवसांत तिचं पाणी लख्ख! मग काय, रीघच लागली. दिवेलागणीनंतर मात्र कुणाला दिलं नाही हो. विरजण देत नाहीत त्या वेळी."

"काकू, ते दही नाहीये!"

"मग लागलं कसं?" काकूंनी शांतपणे विचारले. चार वर्षे माहितीपत्रके वाटली, सभा घेतल्या, भिंतींवर चित्रे रंगवली, आणि शेवटी वसाहतीने केले काय, तर शेजारणीकडून विरजण आणले. कपाळावर हात मारून घेण्यापलीकडे काही उरले नव्हते.

ती परत आली तेव्हा निरनिराळी औषधे नि साबण घालून आठवडाभर ठेवलेल्या बरण्यांतून इरफानला उत्तर सापडले होते.

"कंपशामक," तो म्हणाला. "काकांचं औषध. शरीर त्यातलं थोडंच वापरतं, बाकी जसंच्या तसं लघवीतून बाहेर पडतं. निमकरांच्या घटातले जिवाणू त्यावरच जगायला शिकलेत. रोज, ठरल्या वेळी, भरपूर खुराक. त्यामुळे ते माजलेत, आणि जाता जाता बाकीची घाणही फस्त करतात."

"म्हणून पाणी नितळ."

"हो. आता हेच कुळ मुक्ताच्या घटात गेलं. पोसलेलं, दांडगं. त्याने तिथलं मूळ कुळ हुसकावून लावलं. पाणी लख्ख झालं. पण मुक्ताच्या घरी कंपशामक कुणी घेत नाही. अंगातला साठा संपला आणि पाहुणे उपाशी मेले. घरचे तर आधीच गेले होते."

"आणि मेलेल्या घटावर काय केलं असेल लोकांनी?"

"पुन्हा काकूंकडचं विरजण," इरफान म्हणाला.

हेमांगी इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली, आणि तेही रागाने. उपाय सोपा होता. घट धुवायचे, प्रत्येक घराचे मूळ कुळ प्रयोगशाळेत जपून ठेवलेले होते ते पुन्हा सोडायचे, आणि महिनाभर थांबायचे. फक्त मंडळाने तो महिना द्यायला हवा होता. तिने केणींना फोन लावला.

केणींनी सगळे ऐकून घेतले. ते वाईट गृहस्थ नव्हते. ते नियमाने चालणारे होते, आणि हेमांगीच्या मते हे जास्त वाईट होते.

"मॅडम, तुमचं म्हणणं असं की ते औषध असेल तरच हे कुळ जगतं."

"हो. प्रयोगशाळेत करून पाहिलंय. औषध घातलेली बरणी उत्तम आहे, न घातलेली नासली."

"बरणीत सगळंच जमतं. तुमचे घटसुद्धा आधी बरणीत उत्तम चालले होते," केणी म्हणाले. "आणि घर म्हणाल तर एकच, निमकरांचं. एका घरावरून मी वर काय सांगू? निमकरांकडचं विरजण गेलंय, तिथे ते औषध घेणारं माणूस आहे, आणि घट टिकलाय, असं दुसरं घर दाखवा. महिना देतो. नाहीतर आज संध्याकाळी सही करावी लागेल."

वसाहतीत कंपवाताचा दुसरा रुग्ण कुणाला ठाऊक नव्हता. इरफानने दवाखान्यात विचारून खात्री केली होती. हेमांगीने फोन टेबलावर आपटला.

"माझा घट घे," ती एकदम म्हणाली. "आमचा उत्तम चाललाय. आमच्याकडे ते विरजण-बिरजण आलेलंच नाही. ज्या घरात मूळ कुळ शाबूत आहे तिथे घट चालतो, एवढं तरी दिसेल. काही नाही त्यापेक्षा बरं."

तिचा घटही मध्यंतरी कुरकुरत होता; पण तिने स्वतः हवेचा पंप दुरुस्त केला आणि तो सुधारला. ही गोष्ट तिने दोन सभांमध्ये उदाहरण म्हणून सांगितली होती.

इरफान नमुना घेऊन आला आणि यंत्रावर बसला. त्याने तपासणी पुन्हा एकदा केली. मग त्याने पडदा बंद केला.

"ताई, तुमच्या घटात निमकरांचंच कुळ आहे."

"शक्यच नाही."

"दोनदा पाहिलं."

हेमांगीचा चेहरा लाल झाला. "यशोधन!" ती ओरडली. "त्यानेच आणलं असणार. मी इथे जिवाचं रान करतेय आणि माझाच नवरा माझ्या पाठीमागे डबा घेऊन काकूंकडे! सभेत मी पंपाचं कौतुक सांगत होते आणि हा पहिल्या रांगेत बसून मान डोलवत होता! थांब, आता घरी जाऊन..."

इरफान तिच्याकडे पाहत नव्हता. तो खिडकीकडे बघत होता. त्याचे ते बघणे तिला विचित्र वाटले, आणि ती बोलायची थांबली.

विरजण सगळ्यांनी नेले होते. सगळ्यांचे घट नासले होते. तिचा नासला नव्हता.

"मी हे केणींना पाठवलेलं नाही," इरफान हळू आवाजात म्हणाला. "पाठवायचं की नाही, तुम्ही ठरवा."

यशोधनचा दातांचा दवाखाना वसाहतीच्या फाटकाशी होता. हेमांगी बाहेरच्या बाकावर जाऊन बसली. शेजारी एक म्हातारे गृहस्थ गाल धरून बसले होते. आतून ड्रिलचा आवाज येत होता. गेले काही महिने यशोधनने संध्याकाळचे पेशंट घेणे बंद केले होते, आणि आळशी झालास म्हणून ती त्याला कितीदा तरी टाकून बोलली होती. आतून एक बाई बाहेर आली. "दुखलंसुद्धा नाही," ती त्या गृहस्थांना म्हणाली. "किती हलका हात!"

हेमांगी आत गेली आणि दार लावून घेतले.

"काकूंचं विरजण तू टाकलंस?"

यशोधन हसला. "कळलं का? अगं, आठवडाभर तू त्या पंपाशी भांडत होतीस. मला बघवेना. म्हटलं, टाकून तर बघू. आणि लागलं की! मग तुझा आनंद बघून सांगायचा धीर झाला नाही."

"ते कंपशामकावर जगतं, यशोधन. त्याच्याशिवाय टिकत नाही."

त्याचे हसणे चेहऱ्यावर तसेच राहिले, नुसते. मग त्याने हातमोजे काढले आणि हात मांडीवर ठेवले. उजव्या हाताचा अंगठा बोटावर हलकेच घासत होता, थांबत होता, पुन्हा घासत होता.

"मिरजेच्या डॉक्टरांकडून घेतो," तो म्हणाला. "गोळी घेतली की काही तास हात स्थिर असतो. तेवढ्यातच काम करतो. अजून कुणाला इजा झालेली नाही."

"अजून!" तिचा आवाज चिरकला. "अख्ख्या वसाहतीच्या मोरीत काय वाहतं ते मला कळतं, आणि माझ्या घरात काय चाललंय ते मला घटातून कळावं? तुला सांगता येत नव्हतं?"

"कधी सांगणार होतो? तू घरी यायचीस तेव्हा कुणावर तरी चिडलेली असायचीस." तो हे तक्रार म्हणून बोलला नाही, आणि म्हणूनच तिला ते जास्त लागले. ती पेशंटच्या खुर्चीवर बसली आणि रडली.

थोड्या वेळाने त्याने विचारले, "केणींना काय हवंय?"

तिने सांगितले. सांगताना तिला स्वतःचीच चीड आली, कारण ते सांगायला नको होते, आणि सांगितल्याशिवाय राहवतही नव्हते.

"मी तुझं नाव देणार नाही त्यांना," ती म्हणाली. "सगळ्यांनी मारे हौसेने विरजण नेलं, आता भोगू देत."

"एवढी घरं उठतील, हेमा."

"उठू देत."

"फोन लाव," तो म्हणाला.

तिने लावला नाही. शेवटी त्यानेच तिच्या पर्समधून फोन काढला, नंबर शोधला आणि आवाज मोठा करून मध्ये ठेवला.

"दुसरं घर सापडलं," हेमांगी म्हणाली आणि तिने आपल्याच घराचा पत्ता सांगितला. पलीकडे केणींनी घसा साफ केला आणि नियमाप्रमाणे विचारायचे ते विचारले.

"औषध घेणाऱ्या व्यक्तीचं नाव?"

"यशोधन तोरस्कर," यशोधन म्हणाला.

"व्यवसाय?"

यशोधनने समोरच्या ड्रिलकडे पाहिले. ते पुसून जागेवर ठेवायचे राहिले होते.

"दंतवैद्य होतो," तो म्हणाला.

केणींनी महिना दिला. हेमांगी उठली, डोळे पुसले, आणि बाहेर गाल धरून बसलेल्या गृहस्थांना दुसऱ्या दवाखान्याची वाट सांगायला गेली.