रंग उडालेले अकरा मासे

"घरात माझ्याबरोबर दोनच माणसं उरलीत," शिवणकाम करणारी ती मुलगी खुर्चीच्या कडेला टेकून म्हणाली, "आणि त्यांतल्या एकाने माझ्या काकांना जिन्यावरून ढकललंय."

तपासनीस बाईंनी चष्मा पुसला. "पोलीस काय म्हणतात?"

"पाय घसरला म्हणतात. पण काकांच्या सदऱ्याची बाही खांद्यातून उसवलीय. सदरा मी शिवलाय, दुहेरी टाके घालून. नुसतं पडून ती शिवण सुटत नाही. कुणीतरी हिसका दिलाय."

काका दोन दिवस दवाखान्यात बेशुद्ध होते. घरात काकांचे मेव्हणे होते, त्यांना ती मामा म्हणे. आणि वरच्या खोलीत भाडेकरू, चष्म्याच्या दुकानातला. दोन्ही रात्री तिने दाराला शिलाई मशीन लावून काढल्या होत्या.

"त्या दिवशी काय काय दिसलं? काही गाळू नकोस."

सव्वापाचला ती घरी आली. माळ्याच्या जिन्याखाली काका पडलेले. किंचाळत ती मधल्या खोलीत शिरली. मामा माशांच्या टाकीशेजारी पेपर वाचत बसले होते.

"आणि बाई, मासेसुद्धा मेल्यासारखे दिसले. काकांचे निऑन टेट्रा, बोटाच्या पेराएवढे. निळी पट्टी नाही, शेपटीचा लाल रंग नाही. एक इथे, एक तिथे, तळाशी निपचित. वाटलं, त्यांनाही कुणी विष घातलं. रुग्णवाहिका आली तेव्हा बघते तर पुन्हा झळझळीत, सगळे एका थव्यात."

"घाबरल्यावर काहीही दिसतं माणसाला," बाईंचे यजमान म्हणाले. ते निवृत्त हेडक्लार्क. बाईंनी मात्र ते वहीत टिपून घेतलं.

"काका माळ्यावर का चढले?"

"तेच कळत नाही. गुडघ्यामुळे दोन वर्षांत वर गेले नव्हते."

"त्यांचं आणखी कुणी?"

"मुलगी. लग्नावरून भांडून गेली. नऊ वर्षांत तिचं एक पत्र नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई यजमानांना घेऊन मुलीच्या घरी आल्या. आधी भाडेकरूला विचारलं.

"मी अंघोळ करत होतो. नळाच्या आवाजात काही ऐकू आलं नाही. हिची किंकाळी ऐकली आणि तसाच धावलो."

मुलीला आठवलं, त्याच्या केसांतून पाणी गळत होतं.

मामा शांत होते. "चारला टपाल घेतलं, टाकीचा दिवा लावला, पेपर घेऊन बसलो. ही ओरडेपर्यंत उठलोच नाही. मला जरा कमी ऐकू येतं." मग त्यांनी पिशवी उचलली. "दवाखान्यात आज माझी पाळी. शुद्धीवर आलेत का, काही कळलं?"

मुलीने बाईंकडे पाहिलं.

"जाल हो. आधी चहा घेऊ," बाई म्हणाल्या. मधल्या खोलीला खिडकी नव्हती. त्यांनी टाकीचा दिवा बंद केला, दार ओढून घेतलं आणि यजमानांना पोस्टात पिटाळलं. अर्ध्या तासाने ते परतले, बरोबर एक हवालदार.

बाईंनी सगळ्यांना आत नेलं आणि दिवा लावला.

धुऊन धुऊन विटलेल्या कापडासारखे अकरा मासे, तळाशी विखुरलेले.

"त्या दिवशी अगदी असेच होते," मुलगी पुटपुटली.

"अंधारात हे मासे रंग सोडतात, थवा मोडून विसावतात. उजेड झाला की रंग परतायला काही मिनिटं लागतात."

"पण किंकाळीने घाबरूनही रंग उडेल की," यजमान म्हणाले.

"उडेल. पण घाबरलेले मासे एकमेकांना चिकटतात. हे विखुरलेले होते. म्हणजे दिवा नुकताच लागला होता. मामा, तुम्ही तर म्हणता चारपासून चालू होता."

मामांनी पिशवी खाली ठेवली.

"फाटक वाजलं तसे तुम्ही जिन्यावरून इथे शिरलात, दिवा लावलात, पेपर धरलात."

"पोस्टमन म्हणतो, काकांच्या मुलीचं पत्र दर महिन्याला येतं," यजमानांनी सांगितलं. "दारात मामाच घेतात."

"काकांना संशय आला. पत्रं शोधायला ते गुडघा ओढत वर चढले, आणि तुम्ही मागोमाग."

मामा टाकीकडे वळले. "ते लग्न होऊ नये म्हणून मीच तिच्या बापाचे कान भरले होते. ती परत आली असती, तर मला इथे एक दिवस तरी राहू दिलं असतं का? पत्रं वरच आहेत, माझ्या ट्रंकेत. हिच्या काकांनी ती उघडली होती."

हवालदाराने त्यांचा दंड धरला. उंबऱ्यात मामा थांबले आणि रोजच्याच आवाजात मुलीला म्हणाले, "गॅसवर दूध ठेवलंय. बघ जरा."

सवयीने ती धावली. गॅस बंद केला. मग ओट्याला धरून खाली बसली.