ओळंब्याची टाच

काय रे, मघापासून पाय का चोळतोयस? अचानक कळ आली? कुठे, टाचेत? बघू इकडे... नवे बूट घेतलेस ना परवा, मग दुसरं काय होणार! बत्तीस वर्षं दवाखान्यात ड्रेसर होतो मी. लोकांच्या जखमा धुतल्या, पट्ट्या बांधल्या. माणसं चेहऱ्यानं लक्षात राहिली नाहीत माझ्या, पायांनी राहिली. दहातल्या नऊ पायांना कारण सापडतंच. घट्ट बूट, ठेच, काटा, वाढलेलं वजन, साखर. तू घाबरू नकोस, तुझा पाय त्या नऊमधलाच आहे.

दहावा?

दहावा पाय ओळंब्याचा होता. सांगतो, पण मध्येच उठून जायचं नाही. आणि चिमे, तू नाक मुरडायचं नाहीस. गोष्ट भुताची आहे, पण भीतीपेक्षा त्यात घाणच जास्त आहे.

ओळंब्या म्हणजे फरशी बसवणारा मिस्त्री. उंच, काटकुळा, बाजारातून चालला तरी दोरी मारल्यासारखा सरळ. भिंत सरळ आहे का बघायला गवंडी वजन बांधलेली दोरी सोडतात ना, तो ओळंबा, म्हणून सगळे ओळंब्या म्हणायचे. आमच्या दवाखान्याची फरशी त्यानंच बसवली, तेव्हापासून आमची दोस्ती. तो आयुष्यभर अनवाणी काम करत आला. म्हणायचा, "पातळी बघायची पाणसळ चुकेल, तळवा चुकणार नाही. केसाएवढा चढ असला तरी पायाला कळतो."

आठ वर्षं झाली. नोव्हेंबरची चौदा तारीख, मंगळवार. सकाळी ओळंब्या एका विमा एजंटाच्या घरी गेला. मागची खोली पाहुण्यांसाठी नीट करायची होती, जुनी फरशी उखडून नवी पांढरी घालायची. साधं दोन दिवसांचं काम. खोलीत सामान नव्हतं. खिडकी खिळे ठोकून बंद केलेली. दाराच्या खालच्या फटीला बाहेरून रबराची पट्टी चिकटवलेली. फिनेल इतकं ओतलेलं की डोळे झोंबत होते.

त्यानं कोपऱ्यातून पहार घातली. दोन रांगा निघाल्या. खिडकीखालची फरशी उचलली आणि वास आला.

तुंबलेल्या मोऱ्या, फुटलेले संडास, सगळं त्यानं हातानं उकरलेलं. त्याला वासाचं काही नाही. पण हा वास गोड होता. पिकून फुटलेल्या फळासारखा गोड, आणि त्याच्या आत काहीतरी सडलेलं. खालची माती काळी, चिकट, तेल मुरल्यासारखी. त्याचा उजवा पाय नेमका तिच्यात पडला. टाच रुतली. त्याला उमासा आला. पाय झटकला, त्या खड्ड्यातच पचकन थुंकला आणि म्हणाला, "शी! कोण घाणेरडं माणूस राहत होतं इथे!"

एवढंच. माती खरवडून काढली, वर चुना पसरला, पाय धुतला, घरी गेला, जेवला, झोपला.

रात्री दोन वाजून चाळीस मिनिटांनी तो किंचाळत उठला. त्याच्या बायकोनं, आमच्या वहिनीनं, दिवा लावून घड्याळ बघितलं म्हणून वेळ नक्की ठाऊक. उजव्या टाचेत कोणी तापलेली सळई घालून फिरवतंय असं वाटत होतं. पाय बघितला तर काही नाही. लाली नाही, सूज नाही, ओरखडा नाही. वीस मिनिटांनी कळ थांबली.

दुसऱ्या दिवशी लंगडत दवाखान्यात आला. आमचे डॉक्टर कसून तपासणारे. तळव्याचा पडदा सुजला असेल म्हणाले, अंगठा वर करून बघितला. हाड वाढलं असेल, बारीक चीर गेली असेल म्हणून एक्स-रे काढला. युरिक ॲसिड बघितलं, साखर बघितली, कमरेत नस दबलीय का म्हणून पाय उचलून बघितले. सगळं स्वच्छ. बाहेर बाकावरच्या लोकांनी आपापली कारणं जोडली. एक म्हणाला वात आहे, एक म्हणाला सिमेंट खातं रे पाय, एक आजी म्हणाल्या काटा मोडून आत गेला असेल. मी भिंगानं काटा शोधला. नव्हता.

त्या रात्री पुन्हा. दोन चाळीस.

तिसऱ्या रात्री पुन्हा. आणि त्या रात्री वहिनी म्हणाली, "अहो, वास कसला येतोय?"

चादरीवर टाचेखाली पिवळा ओला डाग पडलेला. टाच मात्र कोरडी. चादर बदलली, पुन्हा डाग. गादीपर्यंत गेला. वहिनीला ओकारी झाली. बिचारीनं दोन रात्री काढल्या, मग मुलांना घेऊन स्वयंपाकघरात झोपायला गेली आणि मधलं दार लावून घेतलं. तिला तरी कसा दोष द्यायचा? वास मुलांच्या दप्तरांनासुद्धा लागला होता.

शनिवारी टाच काळी पडायला लागली. डॉक्टर माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "हे घोट्याच्या वर चढलं तर पाय कापावा लागेल." उकिडवं बसून काम करणारा माणूस. पाय गेला तर काय करणार होता?

रविवारी संध्याकाळी ओळंब्यानं मला बोलावलं. म्हणाला, "आजची रात्र बस माझ्याजवळ. दुखतं त्याचं काही नाही रे. सोसतो मी. पण ती आतून कडी लावते ना, तो आवाज... तो नाही सोसत."

मी पिशवी घेऊन गेलो. चिमटे, कापूस, गॉज, सगळं. नाकाला रुमाल बांधला होता, खोटं कशाला बोलू. दिवा लावूनच बसलो. दोन वाजले. अडीच. ओळंब्या भिंतीकडे तोंड करून पडला होता.

दोन चाळीस.

त्यानं उशी तोंडात धरली. मी टाच हातात घेतली. आणि माझ्या डोळ्यांदेखत कातडी उकलली. रक्त नाही. ओठ उघडावेत तशी उकलली. आतून पिवळं, घट्ट, गोळे गोळे असलेलं काहीतरी ओघळलं आणि माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत आलं. गरम होतं. आत काहीतरी करडं दिसत होतं. मी चिमट्यानं धरलं, ओढलं. येतच राहिलं... येतच राहिलं. हातभर लांब. कुजलेलं, बुळबुळीत, काळपट.

गॉजची पट्टी होती.

खोल जखमेत आम्ही अशी पट्टी भरतो, पस शोषून घ्यायला. रोज बदलायची असते. मी दिव्याखाली धरली. तिच्या टोकाला दोन गाठी होत्या, एकीवर एक. अशा दोन गाठी आमच्या दवाखान्यात फक्त मी मारायचो, टोक आत हरवू नये म्हणून.

ओळंब्याच्या पायात मी कधीच पट्टी भरली नव्हती.

मी विचारलं, "मंगळवारी कुठे कामाला होतास?" त्यानं एजंटाचं घर सांगितलं, मागची खोली सांगितली. थुंकला होता तेही सांगितलं.

मला ती खोली माहीत होती.

त्या खोलीत एजंटाचे वडील होते. शिंपी. सगळं आयुष्य मशीन चालवली त्यांनी. साखरेनं उजवा पाय सडला. त्या वर्षी जुलैत मी घरी जाऊन पट्टी करायचो. चांगला माणूस, कधी कण्हला नाही. पण वास... पोरांनो, त्या वासाचं काय सांगू. घरी येऊन मी तीनदा हात धुवायचो तरी घास तोंडापर्यंत नेववत नसे. एक दिवस एजंट दारातच म्हणाला, "बाबांना आता बहिणीकडे हलवलंय, तुम्ही येऊ नका." मी विचारायला हवं होतं, कुठल्या बहिणीकडे, तिथे पट्टी कोण करतं. नाही विचारलं. खरं सांगू? मला बरं वाटलं. त्या रात्री मी पोटभर जेवलो.

सोमवारी सकाळी मी एजंटाच्या दारात उभा राहिलो. आधी तो उडवाउडवी करू लागला. मी ती पट्टी कागदात गुंडाळून नेली होती, ती टेबलावर ठेवली. त्याची बायको आतून आली. तिनं ती बघितली आणि मटकन खाली बसली.

"बहिणीकडे नेलंच नव्हतं," ती म्हणाली. "मागेच होते. मी जेवणाचं ताट दारातून आत सरकवायचे. रात्री हाका मारायचे... पट्टी बदला रे कुणीतरी... पट्टी बदला. हे म्हणायचे, जाऊ नकोस. एकोणीस दिवस ओरडत होते."

"शेवटची हाक कधी?"

"रात्री पावणेतीनच्या जरा आधी. मग आवाजच आला नाही. सकाळी दार उघडलं तर गेलेले होते."

एजंट म्हणाला, "वास यायचा हो. तुम्हाला तर माहीतच आहे ना."

माझ्या तोंडात आंबट पाणी आलं. त्याची किळस आली मला. पण त्याच्या तोंडावर थुंकायला माझं तोंड कुठे स्वच्छ होतं?

त्या रात्री, वीस तारखेला, ओळंब्याला रिक्षात घालून मी तिथे नेलं. एजंट घरातल्या मागच्या बोळाच्या टोकाला नाक दाबून उभा राहिला, पुढे आला नाही. अर्धी उखडलेली खोली. ओळंब्याला भिंतीशी बसवलं. खिडकीखाली जिथे त्यांची खाट असायची, तिथे मी मांडी घातली. कोमट पाणी. कापूस. गॉज. बँडेज. रुमाल बांधला नाही. मुद्दामच बांधला नाही.

ओळंब्या पुटपुटला, "चुकलो, बाबा. माहीत नव्हतं."

काहीच झालं नाही. बोळातलं घड्याळ टिकटिकत होतं.

मग वास आला.

आधी थोडा. मग नाकात, घशात, डोळ्यांत. ओळंब्यानं दात आवळले. मी डावा हात पुढे केला, जखम धुताना पायाखाली धरतात तसा. रिकाम्या हवेत. वेड्यासारखा.

हातावर वजन आलं.

टाच होती. दिसत नव्हती. थंड. ओली. मऊ... भिजलेल्या पिठासारखी मऊ. माझी बोटं आत जात होती.

ओकारी गळ्याशी आली. गिळली.

उजव्या हातानं कापूस फिरवला. पांढरा कापूस पिवळा झाला. दुसरा घेतला. तोही. तिसरा. पाण्यात काहीतरी टपटपत होतं. तोंड फिरवावंसं वाटलं... नाही फिरवलं. एकदाही नाही. पट्टी भरली. हवेतच भरत होतो. ती आत जात होती, दिसेनाशी होत होती. टोकाला गाठी मारल्या. बँडेज गुंडाळलं.

"दुखलं का, बाबा?"

बँडेजचं टोक खोचलं.

"झालं हं. उद्या परत बदलू."

कोणीतरी श्वास सोडला. लांब. माझ्या अगदी तोंडाजवळ.

मग हातावरचं वजन गेलं. वास गेला. तीन वाजले होते. भिंतीशी ओळंब्या पाय पसरून घोरत होता. सहा दिवसांनी पहिल्यांदा झोपला होता तो. गुंडाळलेलं बँडेज कुठेच नव्हतं. मी तिथेच, त्या उखडलेल्या जमिनीवर, सकाळपर्यंत बसून राहिलो.

उद्या परत बदलू म्हणालो होतो ना. मी गेलो. सलग एकोणीस रात्री गेलो. कोणी आलं नाही, वजन आलं नाही, तरी दोन चाळीस होऊन जाईपर्यंत बसून आलो. ओळंब्याची टाच आठवड्यात कोरी झाली, खूणसुद्धा नाही. अजून फरशा बसवतो, पण काम सुरू करायच्या आधी खोलीत कोण राहत होतं ते विचारतो. एजंटानं पुढल्या वर्षी घर विकलं.

कारण? डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, टाचेचा तात्पुरता दाह. लिहायला काहीतरी लागतंच.

बस, संपली गोष्ट. जा झोपायला...

काय गं चिमे? माझ्या डाव्या हाताकडे काय बघतेस? तुझी नजर बारीक आहे हं. बॅटरी लाव, जवळ ये. हा तळवा बघ. पांढराफटक, सुरकुतलेला, दिवसभर पाण्यात ठेवल्यासारखा. दुसरा हात बघ, तसा आहे का? त्या रात्रीपासून असा आहे. कातडीच्या दोन डॉक्टरांनी मलमं दिली. पुसला तरी घटकाभरात पुन्हा तसाच.

हात लाव. लाव गं, काही होत नाही.

ओला आहे ना?

आता बोटांचा वास घेऊ नकोस. धुऊन ये आधी.