सर्जन मायकेलची पेटी

रात्रपाळी करून डॉ. वृंदा साने घरी परतली, तेव्हा खालच्या मजल्यावर घरमालकांच्या पुतण्याचा, डेक्लनचा आवाज चढला होता. पेटी नाहीशी झाली होती.

२००४चा नोव्हेंबर होता. परदेशात, एनिस गावच्या इस्पितळात नोकरी करणारी वृंदा, ऑलिव्हर आणि नोरा या म्हाताऱ्या बहीण-भावांच्या घरी वरच्या खोलीत भाड्याने राहायची. नोराला कित्येक वर्षं दिसत नव्हतं. पेटीत त्यांच्या पणजोबांच्या भावाची, सर्जन मायकेलची पत्रं होती. कंपनी सरकारच्या फौजेबरोबर कोकणात गेल्यावर त्याने आईला लिहिलेली. रोज संध्याकाळी ऑलिव्हर त्यातलं एक नोराला वाचून दाखवी. नोराने ती ग्रंथालयाला देऊ केली होती आणि आज तिथली बाई पेटी न्यायला येणार होती.

वृंदाला फक्त झोपायचं होतं. तरी ती खुर्ची ओढून बसली.

"पेटी शेवटची कुणी पाहिली?"

"मीच," ऑलिव्हर म्हणाला. "काल रत्नागिरीचं पत्र वाचलं. नाताळात तो झाडाखाली बसून ताजे आंबे खातो, ते."

वृंदाला आठवलं. काल कामावर निघताना ती इथे डोकावली होती. अंधार पडला होता म्हणून तिनेच दिवा लावला. ऑलिव्हरचं वाचन चालूच होतं.

"दार?"

"आतून बंद," डेक्लन म्हणाला. पत्रं विकायची त्याची इच्छा होती, हे त्याने लपवलं नाही. पण मीच चोर असतो तर पोलिसांना बोलवा म्हटलं असतं का, असं विचारून त्याने फोन उचलला.

ऑलिव्हरने चहा ओतला. कपाच्या कडेवर त्याचं बोट होतं. चहा बोटाला लागल्यावर त्याने किटली सरळ केली.

"फोन ठेवा," वृंदा थकल्या आवाजात म्हणाली. "मी चिपळूणची. डिसेंबरात आमच्याकडे झाडावर आंबा नसतो. तिथे राहिलेला माणूस असं लिहिणार नाही. ऑलिव्हर, ते तुम्ही रचलंत. काल अंधारात वाचत होतात. आत्ता चहा बोटाने मोजलात. तुम्हाला दिसत नाही ना?"

डेक्लनने फोन खाली ठेवला.

"ग्रंथालयाच्या बाईने खरी पत्रं वाचली असती, तर नोराला कळलं असतं. म्हणून पेटी तुम्हीच लपवलीत."

"टॉवेलांच्या कपाटात आहे," ऑलिव्हर म्हणाला. दोघंही आंधळी म्हटल्यावर आपल्याला वृद्धाश्रमात पाठवतील, तेही वेगवेगळ्या, ही भीती त्याने हळूहळू सांगितली. डेक्लन खाली बघत राहिला. तसा विचार त्याने खरंच बोलून दाखवला होता.

नोराने चाचपत भावाचा हात धरला.

"मला गेल्या हिवाळ्यातच कळलं. पत्रांतला खरा मायकेल सतत कुरकुरायचा. तुझा बरा होता."

घरी रोज मदतनीस येईल अशी सोय करता येते, वृंदाने डेक्लनला समजावलं. डोळे तपासायला ऑलिव्हरला ती स्वतः नेणार होती. डेक्लन हो म्हणाला, पण लगेच नाही.

पेटी आली. ग्रंथालयाची बाई यायला अवकाश होता. नोराने एक पत्र वाच म्हटलं. वृंदाने वरचंच उचललं. सर्जनने लिहिलं होतं, आई, इथे कामाला अंत नाही, मोजे फाटलेत आणि मला घरी यायचं आहे.

तिने ती ओळ मनातल्या मनात पुन्हा वाचली. ती दोघं मात्र पुढचं ऐकायला थांबली होती.