वीस मिनिटांनी घसरणारा सूर

मामा दात काढायला गेला होता, म्हणून ते गिऱ्हाईक माझ्या वाट्याला आलं. आमचं दुकान विजेवर चालणारी जुनी वाद्यं दुरुस्त करायचं. तिथे गिऱ्हाइकांशी गोड बोलायचं काम मामाचं, आणि तोंड मिटून सोल्डरिंग करायचं काम माझं. त्या दुपारी एका उंच माणसाने पाठीने दार ढकललं आणि चादरीत गुंडाळलेला सिंथेसायझर माझ्यासमोर अलगद ठेवला.

"एकच पट्टी वाजत नाहीये," तो म्हणाला. "बाकी सगळं ठीक आहे."

"ठीक आहे की नाही, ते मी बघते ना."

"बघा... पण बाकी खरंच ठीक आहे."

तो चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचा. जाताजाता माझ्या चष्म्याकडे बघून म्हणाला, "डावी काच कमी पडतेय तुम्हाला." काय आगाऊ माणूस! पण दार लागल्यावर मी उजवा डोळा झाकून समोरची पाटी वाचून पाहिली. अक्षरं खरंच पुसट दिसत होती.

मग मी ते काम अगदी जीव ओतून केलं, आणि तिथेच घोळ झाला. पट्टी तासाभरात वाजायला लागली. पण मशीन वीसेक मिनिटं तापलं की त्याच्या दोन आवाजांपैकी दुसरा हळूच खाली घसरायचा. करंगळीच्या नखाएवढा एक भाग आत म्हातारा झाला होता. मी तो काढला, भंगाराच्या डब्यात टाकला, नवा बसवला. सूर चोख लावले आणि दिवसभर स्वतःवर खूश होऊन फिरले.

दुसऱ्या दिवशी तो आला आणि डोळे मिटून वाजवायला बसला. दहा मिनिटं झाली... वीस झाली...

"घसरत नाहीये," तो म्हणाला.

"घसरणारच नाही आता! दहा वर्षं बघायला नको."

त्याने डोळे उघडले. मी एखादी वस्तू दुरुस्त केली आणि माणसाचा चेहरा एवढासा झाला, असं मी पहिल्यांदाच पाहत होते.

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने फक्त समजावून सांगितलं. त्याने स्वतः बांधलेल्या संगीताचा, नऊ तुकड्यांचा अल्बम. आठ झालेत, आठही त्या घसरण्यावर उभे आहेत. नववा पुढच्या शनिवारी दुपारी बारापर्यंत द्यायचा, नाहीतर रेकॉर्ड काढणारे त्याची जागा दुसऱ्याला देऊन मोकळे होणार.

मी डबा आणून टेबलावर उपडा केला. तसलेच साठेक भाग निघाले, सगळे एका तोंडावळ्याचे. एकेक बसवायचा, मशीन तापेपर्यंत वीस मिनिटं थांबायचं आणि ऐकायचं. दुसरा इलाज नव्हता.

"माझी चूक आहे, मी शोधून देईन," मी म्हणाले.

"मी रोज चारला सुटतो," तो म्हणाला.

अशा आमच्या दुपारी सुरू झाल्या. दुकानात सोल्डरिंगच्या तापलेल्या राळेचा वास, टेबलावर दोन कप, आणि वीस-वीस मिनिटांची सक्तीची बैठक.

"हे बरं वाटतं, की हे?" मी विचारायची.

"हा प्रश्न माझा आहे. दिवसभर मी लोकांना हाच विचारतो."

"मग एकदा उत्तर द्या की!"

"मगाचं बरं होतं."

"मगाशी तर मी काही वाजवलंच नव्हतं."

"नाही... मगाशी तुम्ही हसला होतात."

मी सोल्डरिंगच्या धुराचं निमित्त करून तोंड फिरवलं. मागून मामा सुजल्या गालाने खिदळला. ऐकताना डोळे मिटायच्या सवयीवरून मामाने त्याचं नाव 'समाधी' ठेवलं होतं. चार वाजत आले की म्हणायचा, "आवर गं, समाधी लागायची वेळ झाली."

थांबता थांबता त्याने मला ते आठ तुकडे ऐकवले. मोठ्या हेडफोनमध्ये, एकामागून एक. अगदी साध्या चाली होत्या, लहान मुलालाही म्हणता येतील अशा. खाली सोळा ठोक्यांचं एक चक्र फिरत राहायचं, वर दोन आवाज हातात हात घालून निघायचे, आणि मग... एक जरासा मागे पडायचा. बेसूर नव्हे. नुसता मागे.

"हे कुणाकडून शिकलात?" मी विचारलं.

"आत्याच्या विणकामाच्या मशीनकडून."

"चेष्टा करताय."

"देवाशपथ! ती हात इकडून तिकडे सरकवायची, सर्र-खट, सर्र-खट. मी तिच्या टेबलाखाली बसून मोजायचो. सोळा झाले की रंग बदलायचा. आणि एक कॅसेट होती, तिने रेडिओवरून उतरवून घेतलेली. नुसती यंत्रांची सुरावट, लांबच लांब. सुरुवात कापलेली, शेवटी निवेदक बोलायला लागतो न लागतो तोच टेप संपायची. कोणाचं वाजवणं, ते आजतागायत कळलं नाही. आणि शेजाऱ्यांच्या व्हिडिओ गेमचे आवाज... ते भिंतीतून यायचे, त्यामुळे मऊ होऊन यायचे."

मी गालावर हात ठेवून ऐकत होते. तेव्हा माझ्या लक्षात आलं की तो भाग सापडूच नये असं मला वाटतंय.

आणि तो सापडला. तिसऱ्या दिवशी सकाळी, दुकानात कोणी नसताना. वीस मिनिटांनी दुसरा आवाज घसरला आणि माझ्या अंगावर काटा आला. आठ तुकड्यांतलं तेच, तस्संच! मी तो भाग काढला, कागदात गुंडाळला आणि एप्रनच्या खिशात टाकला. दुपारी तो आला तेव्हा दुसराच बसवून विचारलं, "हे बरं वाटतं, की हे?" किती सहज विचारलं मी. मलाच माझं नवल वाटलं.

उद्या सांगू, उद्या सांगू, असं करत पाच दिवस गेले. सांगितलं की तो मशीन चादरीत गुंडाळणार, आभार मानणार, आणि चार वाजायचे ते नुसतेच वाजणार. मी फार वाईट वागत होते, हे मला कळत होतं. तरी वागत होते.

गुरुवारी तो नेहमीपेक्षा गप्प होता. मी कप पुढे केला तर त्याने घेतला, पण प्यायला नाही.

"ते घसरणं आत्याचं आहे," तो म्हणाला. "आमचा फ्रिज एकाच सुरात घुमायचा. ती स्वयंपाक करताना त्याच्या सुरात सूर मिळवून गुणगुणायची. पुढे आजारी पडली, तरी गुणगुणायची... फक्त दमली की सूर खाली यायचा. ती गेल्यावर मी हे जुनं मशीन घेतलं. पहिल्याच दिवशी वीस मिनिटांनी ते घसरलं. मी तसाच जमिनीवर बसलो."

माझ्या एप्रनच्या खिशात त्याची आत्या होती. रात्रभर माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही.

शुक्रवारी चार वाजता तो दारात दिसताच मी खिशातला कागद काढला आणि उलगडून त्याच्या हातावर ठेवला.

"हाच आहे. मला तिसऱ्याच दिवशी सापडला होता. मी लपवला... तुम्ही यायचे थांबाल म्हणून."

तो कागदाकडे बघत राहिला. मग माझ्याकडे.

"सहा दिवस?"

"सहा दिवस."

"उद्या बारा वाजता द्यायचंय मला. काल मी एवढं बोललो, तेव्हाही हा तुझ्या खिशात होता?"

मी मान डोलावली. आतल्या खोलीत मामाची खुर्ची करकरली आणि एकदम शांत झाली.

"बसव," तो म्हणाला.

मी बसवला. काम चोख झालं. मग ती वीस मिनिटं! आजवरच्या सगळ्या बैठका हसण्याबोलण्यात कधी सरायच्या कळायचं नाही, आणि ही सरता सरत नव्हती. तो माझ्याकडे पाठ करून खिडकीशी उभा होता. मी स्क्रू मोजले. पुन्हा मोजले. शेवटी तो येऊन बसला, दोन पट्ट्या दाबून धरल्या, डोळे मिटले. दुसरा आवाज थकल्यासारखा हळूच खाली आला. त्याने पट्ट्या सोडल्या नाहीत. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्याला भान नव्हतं.

बऱ्याच वेळाने त्याने नाक ओढलं.

"आता काढ तो."

"काय?"

"काढ. तू घातलेला नवा बसव."

"अहो, पण अल्बम..."

"आठ तुकडे आत्याचे झाले. शेवटचा काही केल्या जमत नव्हता. मला वाटायचं, मशीनमुळे अडलंय. तसं नव्हतं. नवव्यात मला कोणी मागे पडायला नकोय."

"नववा कोणाचा आहे मग?"

"एका लबाड बाईचा. सहा दिवस तोंडावर खोटं बोलते, आणि वर विचारते, हे बरं वाटतं की हे."

मला हसू आलं आणि रडूही, दोन्ही एकदमच.

"राग गेला?" मी विचारलं.

"छे! चांगला महिनाभर पुरेल. रोज चारला येऊन रागवेन म्हणतो."

मी भाग बदलला. त्याने केबल जोडली, लाल दिवा लागला आणि रेकॉर्डिंग सुरू झालं. तीच साधी चाल, तेच सोळाचं चक्र, दोन आवाज बरोबर निघालेले. वीस मिनिटं उलटली, पंचवीस झाली, दोन्ही बरोबरच चालले होते. मी त्याच्या शेजारी बसले होते, एवढ्या जवळ की त्याच्या बाहीचा स्पर्श होत होता.

"माझं तुझ्यावर प्रेम आहे," मी म्हणाले. ठरवूनसवरून नव्हे. तसंच निघालं.

त्याची बोटं पट्ट्यांवरून हलली नाहीत. "रेकॉर्डिंग चालू आहे," तो कुजबुजला.

"केबलमधून चाललंय. माझा आवाज त्यात यायचा नाही."

"अरेरे," तो डोळे मिटूनच म्हणाला. "मग पुन्हा सांगावं लागेल."

मी पुन्हा सांगितलं.