‘खरकटं’चा पहिला गायक

रुद्राणीने टेपरेकॉर्डर टेबलावर ठेवला. 

"बाई, मी ‘खरकटं’चा इतिहास गोळा करतेय. केजातला एकुलता एक पंक रॉक बँड, माझ्या भावानं, रुद्रेशनं काढलेला. कोण आलं, कोण गेलं, सगळ्यांना विचारलं. सगळे म्हणाले, चौऱ्याण्णवला रुद्रेश भांडून मुंबईला गेला. गेल्या आठवड्यात नांदूरघाटच्या वाटेवर, तालमीच्या शेडमागं मुरूम खणताना तो सापडला."

"धरलं कुणाला?" खाजगी तपास करणाऱ्या सत्यशीलाबाईंनी हळू आवाजात विचारलं.

"बसवेश्वरला. मावसभाऊ माझा. रुद्रेशला मांडी घालून, हातात गळ्यातलं इष्टलिंग देऊन पुरलतं. आमच्या लिंगायतांची रीत हाय ती. बँडात लिंगायत दोघंच. आई त्याचं तोंडसुद्धा बघायला तयार न्हाई. त्यानं मारलं का, एवढंच सांगा."

ती गेल्यावर बाईंचा दीर भारत म्हणाला, "वहिनी, ह्यात शोधायचं काय? उघड हाय की."

"जीप काढा भाऊजी."

ठाण्यात जमादाराने आवाज उतरवला. "लिंग उजव्या पंजात होतं. त्याचा गळ्यातला दोरा पंजाला गुंडाळलेला. हे बाहेर बोललो न्हाई, तुमीबी बोलू नका."

कोठडीत बसवेश्वर गुडघ्यात मान घालून बसला होता. "मावशी आली का?" एवढंच त्याने विचारलं.

रुद्राणीची आई शिवम्मा जेवणाआधीच्या पूजेला बसली होती. डाव्या तळव्यावर लिंग, उजव्या हाताने बेल. दोघं उंबऱ्यापाशी थांबली.

"रुद्रेश बी असाच बसायचा," पूजा आटोपून ती म्हणाली. "पोरांच्या गोंगाटात सुद्धा."

रुद्राणीने बँडची पहिली कॅसेट दाखवली. कव्हरवर रुद्रेश मांडी घालून बसलेला, उजव्या तळव्यावर लिंग, दोरा गळ्यातच. शेजारी गिटार वाजवणारा हनुमान.

"हनुमान्या डावरा हाय वाटतं," भारत म्हणाला.

मग तिने नवी कॅसेट लावली. नवा गायक आप्पाराव ऊसतोडीच्या कोयत्यावर ओरडून गात होता. शिवम्माने डोळे मिटले. "मुंबईला गेला म्हणतात ना, त्याच्या आधी त्यानं हे गाणं मला चुलीपाशी म्हणून दाखवलतं."

हनुमान माजलगावला भेटला. बोलता बोलता त्याचा उजवा हात गिटारच्या तारांवर फिरत होता.

"मी, रुद्र्या अन् बसव्या एकाच खोलीत राहायचो. रुद्र्याची पूजा झाल्याबिगर ताटाला हात लावायची सोय नव्हती. भुकेनं जीव जायचा."

"आणि आप्पाराव?"

"रुद्र्या गेल्यावर आला. लई भारी गाणी घेऊन."

आप्पारावने खुर्ची पुसून दिली. पुण्याची एक कंपनी त्याची कॅसेट काढणार होती.

"गाणी कुणाची?"

"माझीच. पंच्याण्णवला लिहिली. रुद्रेशला मी फक्त कव्हरवर बघितलंय, बाई."

दुसऱ्या दिवशी बाईंनी सगळ्यांना ठाण्यात बोलावलं. दोऱ्यात बांधलेली सुपारी आधी आप्पारावपुढे धरली.

"लिंगायतांत पुरताना लिंग हातात कसं देतात, ठाऊक आहे?"

"कुणाला ठाऊक न्हाई?" त्याने सुपारी उजव्या तळव्यावर ठेवली आणि दोरा पंजाला दोन वेढे देऊन आवळला. जमादार उठून दारात उभा राहिला.

"बघा भाऊजी," बाई म्हणाल्या. "हनुमान डावरा नाही, पण कव्हरवर आहे. म्हणजे फोटो आरशातल्यासारखा उलटा छापलाय. रुद्रेशचं लिंग डाव्या हातात होतं, कव्हरवर ते उजव्यात दिसतं. पुरतानाही लिंग डाव्याच हातात देतात. बसवेश्वरच्या घरची ही रोजची पूजा. हनुमाननं ती रोज उपाशी बसून बघितली. ते दोघं हात चुकणार नाहीत. चुकेल तो कव्हर बघून शिकलेला."

"कव्हर तर गावानं बघितलंय!" आप्पाराव ओरडला.

"बघितलंय. पण कव्हरवर दोरा गळ्यात आहे. पंजाला गुंडाळलेला तुम्ही कुठं बघितला? माती लोटताना लिंग निसटू नये म्हणून तो तुम्हीच आवळला. पंच्याण्णवचं तुमचं गाणं शिवम्मांनी रुद्रेशच्या तोंडून चौऱ्याण्णवलाच ऐकलंय. गाण्यांसाठी जीव घेतलात, आणि तो कधी सापडलाच तर म्हणून त्याच्याच धर्माची रीत पुढं करून आळ त्याच्या भावावर घातलात."

आप्पारावने दोरा सोडायचा प्रयत्न केला. गाठ सुटेना.

"मला त्यानं फक्त ढोलकं वाजव म्हणलं," तो पुटपुटला. "गायला तुझा आवाज न्हाई म्हणलं. सगळ्यांपुढं नव्हं, एकट्यालाच. तरीबी."

बसवेश्वरला सोडलं तेव्हा शिवम्मा पायरीवर उभी होती.

"चल घरी. जेवायचं हाय."

तो जागचा हलला नाही.

"मावशी, तुला बी मीच वाटलतो?"

शिवम्माने तोंडाला पदर लावला. बसवेश्वर तिच्या शेजारून पायऱ्या उतरला आणि स्टँडकडे चालू लागला.